अमेरिकेत फेडरल डिस्ट्रिक्ट जज व्हायचंय? आधी सिनेटर गाठा

आपल्याकडे जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) व्हायचं तर एमपीएससीची जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत असा ठरलेला रस्ता आहे. अमेरिकेत केंद्रीय कायद्यांचे खटले ९४ फेडरल जिल्हा न्यायालयांत चालतात. तिथल्या न्यायाधीशपदासाठी ना परीक्षा, ना गुणवत्ता यादी.

पात्रता म्हणाल तर राज्यघटनेत काहीच लिहिलेलं नाही. वय नाही, नागरिकत्व नाही, अगदी वकिलीची सनदसुद्धा नाही! (आपल्याकडे वकिलाला थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला किमान ७ वर्षांची वकिली लागते.) जन्म कुठला हेही आड येत नाही. गूगलच्या मक्तेदारीचा खटला ज्यांच्यापुढे चालला ते वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता गुजरातमधल्या पाटणचे. पण कागदावर अट नाही म्हणून हुरळून जाऊ नका. अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची संघटना साधारण १२ वर्षांच्या अनुभवाचं माप लावते.

अर्ज बहुधा आपल्या राज्याच्या सिनेटरकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहातल्या (सिनेट) सदस्याकडे करायचा. बरेच सिनेटर त्यासाठी वकिलांची समिती नेमतात. तिथून नाव व्हाइट हाउसकडे जातं आणि नामांकन राष्ट्राध्यक्ष करतात. मग राज्याच्या दोन्ही सिनेटरांकडे संमतीसाठी निळी चिठ्ठी, म्हणजे ब्लू स्लिप, जाते. एकानेही ती परत केली नाही तर गाडी तिथेच रुतते. हा कायदा नाही, शंभर वर्षांची प्रथा आहे.

खरा घाम निघतो तो कागदपत्रांत. एफबीआयच्या चौकशीसाठी एसएफ-८६ फॉर्म, मालमत्ता आणि कर्जाचं विवरण, आणि सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीची (न्यायविषयक समिती) प्रश्नावली. तीत आजवरचे लेख, भाषणं, मुलाखती, संपादकाला पाठवलेली पत्रंसुद्धा मागतात. शिवाय लढवलेले सर्वांत महत्त्वाचे १० खटले, विरुद्ध पक्षाच्या वकिलांच्या नावांसकट. कॉलेजच्या अंकातला जुना लेख राहून गेला आणि नंतर कुणी शोधून काढला, तर पंचाईत. म्हणून ही जुळवाजुळव नाव जाण्याआधीच सुरू करावी.

या कमिटीपुढची सुनावणी औपचारिक समजू नका. डिसेंबर २०१७मध्ये एका उमेदवाराला सिनेटरने विचारलं, ज्युरीपुढे खटला कधी चालवलाय का? नाही. फौजदारी? नाही. दिवाणी? नाही. खटल्याआधीच्या साध्या अर्जाचा अर्थही त्यांना नीट सांगता आला नाही. काही दिवसांतच त्यांनी माघार घेतली.

कमिटीनंतर पूर्ण सिनेटचं मतदान. २०१३पासून साधं बहुमत पुरतं. मतदानाआधीच सिनेटचं सत्र संपलं तर नामांकन सहसा परत जातं, पुन्हा पहिल्यापासून.

नेमणूक तहहयात. २०२५चा पगार वर्षाला २,४७,४०० डॉलर. राहायचं मात्र त्याच जिल्ह्यात. न्यूयॉर्क शहर आणि वॉशिंग्टनपुरती थोडी सूट आहे. वयाची ६५ आणि सेवेची १५ वर्षं झाली की 'सीनिअर' होता येतं: हवं तर काम कमी, आणि जागा नव्या माणसाला मोकळी. अशा होऊ घातलेल्या रिकाम्या जागांची यादी फेडरल न्यायालयांच्या संकेतस्थळावर लागते. इच्छुक वकील तिच्यावरच डोळा ठेवून असतात.