क्लोझापीन

क्लोझापीन हे स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, या आजारावरील औषध आहे. दोन वेगवेगळी मनोविकारविरोधी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे नियमित घेऊनही ज्याचे भास आणि संशय हटत नाहीत, अशा रुग्णासाठी ते प्रामुख्याने राखून ठेवलेले असते. यातील ‘नियमित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विदर्भातील खेड्यांत बाहेरची बाधा समजून रुग्णाला आधी देवस्थानी नेले जाते आणि पुढे सुरू झालेल्या गोळ्याही अर्ध्यावर सुटतात. अशा रुग्णाला औषधे लागू पडली नाहीत, असे म्हणता येत नाही.

1975 मध्ये फिनलंडमध्ये या औषधामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि अनेक देशांत त्याचा वापर थांबला. इतर औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी सुमारे 30 टक्के रुग्णांना त्याने गुण येतो, हे 1988 मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने दाखवल्यानंतर रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आले. सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला आणि पुढे अधिक अंतराने पेशी मोजाव्या लागतात. मेळघाट वा गडचिरोलीच्या आतल्या गावातून तालुक्याला जाणाऱ्याचा त्यात दिवसाचा रोज बुडतो. तरीही केवळ अंतरापायी हे औषध नाकारणे अन्यायाचे आहे, कारण लागणारी तपासणी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणीच असते.

पावसाळ्यात ताप आला की गावात सुई टोचून घेण्याची रीत आहे. हे औषध घेणाऱ्याने मात्र ताप किंवा घसादुखी होताच त्याच दिवशी पेशी मोजून घ्याव्यात. बद्धकोष्ठताही क्षुल्लक समजू नये, कारण आतडे बंद पडून जीव जाऊ शकतो.

बिडीच्या धुराने हे औषध शरीरातून लवकर निघून जाते, खर्र्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, तसे होत नाही. त्यामुळे रुग्णालयात बिडी सुटलेल्या रुग्णाने घरी परतून ती पुन्हा धरली, तर तीच मात्रा अपुरी पडते. उलट घरी बिडी अचानक सोडली, तर औषध अंगात साचते.

अस्थिमज्जेचा विकार, आटोक्यात नसलेली फेफरे, गंभीर हृदयविकार किंवा याच औषधाने पूर्वी पेशी घटलेल्या असल्यास ते देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या मातेलाही ते टाळतात. कापूस वेचणीच्या धांदलीत दोन दिवसांहून अधिक खंड पडला, तर जुनी मात्रा एकदम न घेता डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी लागते.