पाहणी दौरा (कोकण)

वादळ, पूर, दरड किंवा रखडलेले काम पाहण्यासाठी मंत्र्याने वा नेत्याने दिलेली भेट. कोकण किनाऱ्यावर ‘फोटोसेशन’ हा तिचा जवळजवळ प्रतिशब्दच झाला आहे. मालवणी मुलखात तर ‘फोटो काढूक इले’ एवढ्यात विषय संपतो.

चित्र ठरलेले असते. आडव्या झालेल्या पोफळी (सुपारीची झाडे), त्यांतून वाट काढणारा ताफा, नकाशा उलगडून धरलेला अधिकारी आणि निवेदनाचा कागद घेऊन ताटकळलेला बागायतदार. झावळ्या ओढायला निघालेल्या मालकाला ‘साहेब येईपर्यंत राहू दे’ असे सांगणारा एखादा कार्यकर्ताही असतोच. खरा हिशेब मात्र तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकाच्या पंचनाम्यात होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा दौरे पुष्कळ झाले. चर्चा राहिली ती नंतर ठरलेल्या दरांची: सुपारीच्या झाडाला ५० रुपये, नारळाला २५०. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे जातात. पंचनाम्यालाही आता मोबाइलवरचा फोटो लागतो. त्यात पडलेल्या झाडाशेजारी मालक स्वतःच उभा असतो आणि हार-तुरे नसतात, एवढाच फरक.

नेत्यांनाही हा शब्द झोंबतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या काही तासांच्या दौऱ्यावर विरोधकांनी टीका केली. आपण जमिनीवर उतरून पाहतो आहोत, हेलिकॉप्टरमधून फोटोसेशन करत नाही, असे ठाकरे यांचे उत्तर होते. दोनच महिन्यांनी, २२ जुलैला चिपळूण बुडाले. २५ जुलैला मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षनेते दोघेही पूरग्रस्त भागात आले. बाजारपेठेत तेव्हा दुकानदार चिखल उपसत होते.

मुंबई-गोवा महामार्गाची पाहणी हा गणपतीआधीचा वार्षिक विधीच म्हणायचा. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले, मुदती सरकत गेल्या. ताफा येण्याच्या आदल्या रात्री खड्ड्यांत खडी पडते, म्हणून ‘दरमहा दौरा ठेवा, रस्ता आपोआप होईल’ अशी थट्टा चालते. राज्य खड्डेमुक्त करण्यासाठी १५ डिसेंबर २०१७ ही मुदत दिली गेली, तेव्हा सुप्रिया सुळे यांनी खड्ड्यांसोबत सेल्फी काढण्याची मोहीम चालवली. तेव्हापासून कॅमेरा दोन्ही बाजूंना आहे. पाहणीचा नवा फोटो आला की गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच वळणाचा मागच्या वर्षीचा फोटो येतो, बहुधा त्याच खड्ड्यासह.