फादो संग्रहालय, लिस्बन

फादो या पोर्तुगीज शहरी गायनप्रकाराला वाहिलेले संग्रहालय. लिस्बनच्या आल्फामा या जुन्या वस्तीत, तेजो नदीपासून जवळच ते २५ सप्टेंबर १९९८ रोजी सुरू झाले. इमारत मूळची पाणी उपसा केंद्राची. गाण्याच्या दृष्टीने जागा नेमकी मिळाली, कारण फादो वाढला तो याच आल्फामा आणि शेजारच्या मोरारियाच्या बोळांत, गुत्त्यांत, खलाशांच्या वर्दळीत. मोरारियातली मारिया सेव्हेरा ही त्याची पहिली प्रसिद्ध गायिका. ती १८४६ मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारली. आजही गायिका खांद्यावर काळी शाल घेतात, ती तिच्याच आठवणीसाठी, असे मानतात.

संग्रहालयात सर्वांत जास्त वेळ द्यावा तो पोर्तुगीज गिटारला. नाशपातीच्या आकाराचे हे वाद्य नेहमीच्या गिटारपेक्षा गोलसर असते. त्याच्या बारा तारा सहा जोड्यांत लावलेल्या असतात आणि ताण देणारे स्क्रू माथ्यावर पंख्यासारखे पसरलेले दिसतात. माथ्याचे टोक गोगलगायीसारखे वळलेले असेल तर गिटार लिस्बनची, अश्रूच्या थेंबासारखे असेल तर कोइंब्रा या पोर्तुगीज शहराची. कोइंब्राची गिटार एक स्वर खाली लावतात, त्यामुळे तिचा आवाज अधिक गंभीर वाटतो. वादक अंगठ्यात व तर्जनीत नखी चढवून वाजवतो. साथीला सहा तारांची साधी गिटार असते. तिला तिथे व्हिओला म्हणतात.

जोझे माल्योआ यांचे १९१० चे ‘फादो’ हे तैलचित्रही थांबून पाहण्यासारखे आहे. गिटार छेडणारा पुरुष आणि टेबलाला रेलून ऐकणारी स्त्री. दोघेही मोरारियातल्या खऱ्या माणसांवरून रंगवलेले. ज्या गाण्याला प्रतिष्ठितांच्या घरात जागा नव्हती, ते या चित्रातून कॅनव्हासवर आले.

१९२७ च्या कायद्याने गायकांना परवाना आणि गीतांना पूर्वतपासणी सक्तीची झाली. तरीही फादो टिकला. गायिका आमालिया रॉद्रिगिश यांनी तो जगभर नेला. १९९९ मध्ये त्या गेल्या तेव्हा देशाने तीन दिवस दुखवटा पाळला. २०११ मध्ये युनेस्कोने फादोला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यासाठीच्या तयारीत या संग्रहालयाचा मोठा वाटा होता.

गोव्यातही फादो गायला जातो. सोनिया शिरसाट हे त्यातले परिचित नाव. ‘सावदाद’ या फादोच्या मूळ भावनेला मराठीत ‘हुरहूर’ हा शब्द बराच जवळ जातो, मात्र त्यात गमावलेल्याची ओढही मिसळायला हवी.

सोमवारी संग्रहालय बंद असते. नुसते फलक वाचत भराभर पुढे जाऊ नये. ध्वनिमुद्रणे कानाला लावून सावकाश ऐकावीत. शक्य असल्यास भेट दुपारी ठेवावी, म्हणजे संध्याकाळी आल्फामातल्याच एखाद्या फादोघरात बसता येते. तिथे गाणे सुरू होण्याआधी दिवे मंद होतात, वाढपी जागीच थांबतात आणि टेबलांवरचे बोलणे बंद होते.