विहीर बघून पाहुण्यांचा आकडा ठरवा
कोकणातल्या घरी उन्हाळ्यातलं लग्न करणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

मुंबई-पुण्याहून फोन करणाऱ्या बहुतेक जोडप्यांचं म्हणणं एकच असतं: "आजोबांच्या घरी लग्न करायचंय. साधं, पण देखणं." हे ऐकलं की आम्हाला मनापासून बरं वाटतं. चिऱ्याचं जोतं, मंगलोरी कौलं, पुढे सारवलेलं अंगण, मधोमध तुळस आणि मागे आंबा-फणसाची गर्द सावली. अशी जागा कितीही भाडं दिलं तरी कुठल्या कार्यालयात मिळत नाही. मात्र घर आठ-दहा माणसांसाठी बांधलेलं असतं आणि मे महिन्यात ते स्वतःच तहानलेलं असतं. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही फुलांचे आणि सजावटीचे फोटो दाखवत बसत नाही. दोरी घेऊन आधी विहिरीवर जातो.

पाणी

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. पत्रिका वाटून झाल्या होत्या, तीनशे माणसं येणार होती आणि "आमच्या विहिरीला बारमाही पाणी आहे" असं घरच्यांनी खात्रीनं सांगितलं होतं. ते खरंही होतं, पण चार माणसांपुरतं. लग्नाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता पंप चिखल ओढू लागला. टँकर मागवला तर तो वाडीच्या वळणावर अडकला, कारण पुढे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट होती, गाडीरस्ता नव्हता. नवरीच्या आईनं शेजारच्या घरातून कळशीनं पाणी आणलं. तो दिवस आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून पाणी मोजल्याशिवाय आम्ही काम घेत नाही आणि घर बघितल्याशिवाय आगाऊ रक्कमही घेत नाही.

हिशेब सोपा आहे, तुम्हालाही करता येईल. दहा फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट उंचीचं पाणी म्हणजे साधारण २,२०० लिटर. घरात मुक्कामाला राहणाऱ्या माणसाला आम्ही दिवसाला १०० लिटर धरतो, फक्त कार्याला येऊन जाणाऱ्याला २० लिटर. दीडशे पाहुण्यांपैकी चाळीस जण दोन दिवस राहणार असतील तर त्यांचे ८,०००, बाकी एकशे दहा जणांचे २,२००, स्वयंपाक आणि अंगणात शिंपडायला आणखी २,०००. एकूण बारा हजार लिटरच्या वर, म्हणजे त्या विहिरीतलं साडेपाच फूट पाणी. मे महिन्यात पुष्कळ विहिरींत एवढं पाणी उभं नसतं. मग झऱ्याचा वेग बघावा लागतो. संध्याकाळी दोरीला दगड बांधून पातळी मोजायची, पंप लावून दोन फूट पाणी काढायचं आणि सकाळी पुन्हा मोजायचं. रात्रीत ते दोन फूट भरून आलं तर काळजी नाही. अर्धा फूटच आलं तर पाहुणे कमी करायचे, नाहीतर आदल्या दोन दिवसांत टाक्या भरून ठेवायच्या.

हे मोजमाप लग्नाच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यात करा. जानेवारीत विहीर भरलेली दिसते आणि सगळ्यांचीच फसगत होते. विहिरीत टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर टाकायची असेल तर तीन दिवस आधी टाका, नाहीतर सोलकढीलाही तिचा वास येतो.

पाण्यासाठी माणसं कमी करायची हे घरात सांगणं अवघड जातं, हे आम्हाला ठाऊक आहे. आत्याकडच्यांना बोलावायचं आणि मामाकडच्यांना नाही, असं करता येत नाही. अशा वेळी गावच्या घरी जवळची शंभर-सव्वाशे माणसं आणि शहरात नंतर एक मोकळं स्वागत, असे दोन भाग करावेत. आमच्या अनुभवात हेच सगळ्यांना मानवतं.

मुहूर्त: आम्ही गोरज सुचवतो

मेच्या पहिल्या पंधरवड्यात सिंधुदुर्गापासून रायगडापर्यंत एकेका दिवशी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच राहते. त्यात किनाऱ्याची दमट हवा. पारा चौतीसच्या वर गेला नाही तरी पैठणी नेसलेल्या नवरीला आणि शेरवानीतल्या नवऱ्याला होमासमोर बसणं असह्य होतं. साडेबाराच्या मुहूर्तावर आजी-आजोबांना भोवळ आलेली आम्ही पाहिली आहे.

गोरज मुहूर्त सूर्यास्ताच्या आसपासचा असतो. मे महिन्यात आपल्याकडे दिवस सातच्या सुमारास मावळतो. पाहुणे चार-साडेचारला आले की त्यांना कैरीचं पन्हं द्यायचं. साडेपाच ते पावणेसात या वेळेत फोटो काढले तर तिरप्या उन्हात जांभ्याच्या भिंती तांबूस सोनेरी दिसतात, वेगळे दिवे लागतच नाहीत. मंगलाष्टकं संपेपर्यंत उजेड असतो, लाजाहोम आणि सप्तपदी समयांच्या प्रकाशात होतात. मोगऱ्याच्या सकाळी खुडलेल्या कळ्याही त्याच वेळी उमलतात, त्यामुळे अंतरपाट दूर होतो तेव्हा अंगणभर वास दरवळतो. दुपारच्या लग्नात याच गजऱ्यांची मान पडलेली असते.

मुहूर्त अर्थातच तुमचे भटजी काढणार. त्यांना घराची दिशा आणि ही अडचण आधी सांगा, बरेच जण समजून घेतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्न न करण्याची प्रथा तुमच्या घरी पाळत असतील तर तारखा एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यातच बघाव्या लागतील. तसंही मेच्या उत्तरार्धात वळीव कधी गाठेल याचा नेम नसतो. सुरंगीचे गजरे हवे असतील तर एप्रिलच्या पुढे जाऊ नका.

मांडव

कापडी शामियाना आणि प्लास्टिकचं छत या दोन्हींना आमचा विरोध आहे. खाली गरम हवा कोंडते आणि कौलारू घरासमोर ते परकं दिसतं. आम्ही माडाच्या झापांचा, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचा मांडव घालतो: पोफळीचे खांब, बांबूचे वासे, सुंभाच्या गाठी. झापं वाडीतल्या बायका विणून देतात आणि त्यांना महिनाभर आधी सांगावं लागतं. हे पैसे गावातच राहतात, याचं आम्हाला समाधान आहे.

पश्चिमेची बाजू नीट सांभाळावी लागते. चारनंतर ऊन तिकडून मांडवात शिरतं आणि समुद्रावरचा वाराही तिकडूनच येतो. बाजू पूर्ण बंद केली की घुसमट होते. म्हणून तिकडची झापं आम्ही वरून लोंबती सोडतो आणि जमिनीपासून चार फूट मोकळी जागा ठेवतो. ऊन वरच्या वर अडतं, बसलेल्या माणसांना वारा लागतो.

वाळलेली झापं क्षणात पेट घेतात, त्यामुळे एका बाबतीत आम्ही कुणाचंही ऐकत नाही. होमकुंडाच्या वर छत मोकळं असतं, शेजारी वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या असतात. फटाके आणि आकाशकंदील सोडणं आम्ही होऊ देत नाही. मे महिन्यातलं काजूच्या बागेतलं गवत एका ठिणगीनं पेटतं.

बाकी सजावटीत हात आखडता ठेवा. आंब्याचा टाळ, केळीचे खुंट, मोगरा, घरातल्या पितळी समया आणि अंगणभर रांगोळी. घर स्वतः देखणं आहे, ते झाकलं जाऊ नये. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे.

पंगत

कोकणातल्या उन्हाळ्यात ताटात काय असावं ते झाडंच ठरवतात. कोवळ्या फणसाची भाजी, वालाचं बिरडं, मोसम असेल तर ओल्या काजूची उसळ, सोलकढी, आमरस-पुरी. पनीरची भाजी आणि नूडल्सचा स्टॉल मागणाऱ्यांना आम्ही प्रेमानं समजावतो. शहरातून सात-आठ तास प्रवास करून आलेल्या माणसाला ते घरीही मिळतं.

आमरसाला माणशी दोन हापूस धरले तर दीडशे जणांना पंचवीस डझन लागतात. आंबा अढीत घालून पिकायला आठ-दहा दिवस जातात, म्हणून काढणीची तारीख लग्नाच्या तारखेवरून मागे मोजून बागायतदाराला सांगावी लागते. रस पंगतीच्या तासभर आधी काढायचा आणि पातेली बर्फात ठेवायची. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत आंबतो.

जेवण पानावर, पन्नासच्या तीन पंगतींत. पानांमुळे भांडी घासायचं पाणीही वाचतं. मे महिन्यात वाऱ्यानं केळीची पानं फाटलेली असतात. अखंड पानं पुरेशी मिळाली नाहीत तर पळसाच्या पत्रावळी वापरतो.

थोडक्यात बाकीचं

वीज जाणार हे धरूनच चाला. जनरेटर गोठ्याच्या मागे लांब ठेवतो, नाहीतर मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, तो कायदा आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलतं आणि मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्या लगेच भरतात, तेव्हा पाहुण्यांना तारीख वेळेत कळवा. विवाह नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या आणि भटजींच्या सह्या लागतात. त्या त्याच रात्री घ्या, नंतर भटजींना गाठायला पुन्हा गावी यावं लागतं.

पहिली पत्रिका आणि नारळ ग्रामदेवतेला, आणि त्याच दिवशी वाडीतल्या प्रत्येक घरी तोंडी आमंत्रण. वर्षभर बंद असलेल्या तुमच्या घरावर लक्ष ठेवणारी हीच माणसं आहेत. गाड्या त्यांच्या परड्यात लागणार आहेत, जास्तीचे पाहुणे त्यांच्या ओटीवर झोपणार आहेत. त्यांना पंगतीत शेवटी बसवू नका.

मांडव आम्ही तिसऱ्या दिवशी उतरवतो. खांब आणि वासे आमचे, ते परत नेतो. झापं तुमचीच. ती पडवीत रचून ठेवा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पश्चिमेकडून येणारी झड अडवायला तीच पडवीला बांधता येतील.