गहिरमाथा सागरी अभयारण्य

ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील सागरी अभयारण्य. ऑलिव्ह रिडली कासवांच्या सामुदायिक विणीसाठी प्रसिद्ध. क्षेत्र १,४३५ चौ. किमी., पैकी १,४०८ चौ. किमी. पाणी. स्थापना सप्टेंबर १९९७. उत्तरेस धामरा नदीचे मुख आणि पश्चिमेस भितरकनिकाचे खारफुटीचे जंगल आहे. नावात मराठी कानाला ‘गहिरा’ आणि ‘माथा’ हे दोन्ही शब्द ऐकू येतात. कासवाला मात्र तेथे ‘कइंछ’ म्हणतात.

शोध व कालनिश्चिती : बहुतेक संदर्भग्रंथांत या विणीच्या ‘शोधा’चे वर्ष १९७४ आणि शोधकर्ता म्हणून मगर-तज्ज्ञ एच. आर. बस्टर्ड यांचे नाव असते. ते प्राणिशास्त्रीय नोंदीचे वर्ष म्हणून ग्राह्य आहे, शोधाचे म्हणून नाही. त्याआधी कित्येक वर्षे येथील अंडी होड्या भरभरून बाजारात जात आणि त्यासाठी परवाने दिले जात. जमीनदारीच्या काळात कनिकाचे राजे अंड्यांवर कर घेत, असेही सांगितले जाते. ज्या गोष्टीवर पट्टी बसते, ती अज्ञात कशी म्हणावी?

याहून जुना पुरावा अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दी व्यापाऱ्याचा. १७२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात त्याने कनिका आणि बालेश्वर येथील नद्यांच्या दरम्यानच्या वालुकामय किनाऱ्यावर असंख्य सागरी कासवे अंडी घालण्यास येतात असे लिहिले आहे. हा किनारा म्हणजे आजचेच गहिरमाथा, असे ठामपणे म्हणता येणार नाही. येथील नदीमुखे आणि वाळूचे पट्टे सतत सरकतात. १९८९ च्या वादळात मुख्य वाळूपट्टा तुटून त्याचे बेट झाले. तरीही वीण या टापूत किमान तीनशे वर्षे होत असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मधल्या काळात, १७५१ ते १८०३, हा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या कटक प्रांतात होता. डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींनी तो कंपनीला दिला. म्हणजे अर्धे शतक ही कासवे, निदान कागदोपत्री, नागपूरच्या मुलखात अंडी घालीत होती. दरबाराचे लक्ष मात्र वसुलीवर आणि जगन्नाथाच्या यात्राकरावर होते.

‘रिडली’ नावाची व्युत्पत्तीही वादग्रस्त आहे. एच. एन. रिडली या वनस्पतिशास्त्रज्ञाशी ते जोडतात. कोणी इंग्रजीतील ‘कोडे’ या अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश मानतात. दुसरे मत आकर्षक आहे आणि बहुधा म्हणूनच लोकप्रिय असावे. शास्त्रीय नाव लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया. १८२९ मध्ये एशशोल्ट्झ यांनी या जातीचे वर्णन केले.

वीण : एकाच वेळी हजारो माद्या किनाऱ्यावर येण्यास ‘अरिबाडा’ (स्पॅनिश ‘आगमन’) म्हणतात. ती सहसा फेब्रुवारी-मार्चमध्ये, दक्षिणेचा वारा सुटल्यावर होते, असे निरीक्षण आहे, पण काही वर्षी होतच नाही (उदा. १९९७, १९९८, २००२). मादी मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फुटाचा खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि मग अंग डावी-उजवीकडे आपटून ती चोपते. पोटाच्या कवचाची ही धप्-धप् अंधारात कासव दिसण्यापूर्वीच ऐकू येते. डोळ्यांतून ओघळते ते मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचे पाणी. त्याला रडणे म्हणण्याचा मोह आवरावा. पिले साधारण ४५ ते ६० दिवसांनी निघतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात.

कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. धामरा, देवी व ऋषिकुल्या यांच्या मुखांसमोर १ नोव्हेंबर ते ३१ मे यांत्रिक मासेमारीस बंदी असते. जाळ्यांत अडकून गुदमरणे हे मृत्यूचे मोठे कारण होय.

भेट : नागपूरहून रायपूरमार्गे ओडिशा गाठून भद्रक, तेथून रस्त्याने चांदबाली आणि पुढे बोट, हा रूढ मार्ग. ताडोबा किंवा पेंचची सवय असलेल्या नागपूरकराची येथे पंचाईत होते. जिप्सी नाही, पाणवठा नाही, ‘सायटिंग’ झाले का हा प्रश्नही निरर्थक ठरतो. विणीच्या मुख्य बेटांवर पर्यटकांना जाऊ देत नाहीत; संरक्षण खात्याच्या क्षेपणास्त्र-चाचणी बेटाशेजारी तर मुळीच नाही. भितरकनिकात खाऱ्या पाण्यातील मगरी (‘बउळा’), चितळ आणि पाणपक्षी दिसतात, त्यावर समाधान मानावे लागते. कासवेच पाहायची असतील तर गंजाम जिल्ह्यातील ऋषिकुल्या मुख अधिक सोयीचे. तेथील सामुदायिक विणीची नोंद १९९४ ची. तेथेही पांढरा प्रकाश चालत नाही. लाल कागद लावलेली टॉर्च, मागून उभे राहणे आणि मोबाइल खिशात. पिले उजेडाकडे वळतात, म्हणजे चुकून गावाकडे.

महाराष्ट्राशी संबंध : कोकणात वेळास (रत्नागिरी) येथे २००२ पासून संवर्धन आणि २००६ पासून कासव महोत्सव होतो, मात्र तेथे माद्या एकेकट्या येतात. पूर्व व पश्चिम किनाऱ्यावरील कासवांचे गट वेगळे असावेत, हे मत बराच काळ मान्य होते. मार्च २०२१ मध्ये गहिरमाथा येथे ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली आणि या मतास धक्का बसला. एका मादीवरून सिद्धांत मांडता येत नाही, तरी जुने मत पुन्हा तपासावे लागेल. कोकणातील कासवांना उपग्रह-यंत्र लावण्यासारख्या कामास राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि त्यांचे कार्यालय नागपुरात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे.