गाठी नसलेल्या गाठींची गोष्ट: पीसीओडी आणि मूल होण्याची पार्श्वभूमी

नागपुरात धंतोलीतल्या सोनोग्राफी सेंटरबाहेर बाटलीभर पाणी पिऊन, ब्लॅडर फुल होईपर्यंत मांडी आवळून बसलेल्या पोरी तुम्ही पाहिल्या असतील, काही वर्षांपूर्वी त्यात मी पण होती. रिपोर्टमध्ये 'बल्की ओव्हरीज' (मोठी अंडाशयं) आणि 'मल्टिपल फॉलिकल्स' (बऱ्याच छोट्या पिशव्या) असं काहीतरी आलं, आत्यानं ते वाचलं आणि संध्याकाळपर्यंत मानेवाड्यापासून वर्ध्यापर्यंत खबर गेली की "माय वं, पोरीच्या पोटात गाठी निघाल्या, आता लेकरू कसं होते मने".

तर पहिली गोष्ट म्हणजे त्या गाठी नसतातच. अंडाशयात दर महिन्याला बऱ्याच छोट्या पिशव्या वाढायला लागतात, प्रत्येकीत एक बीज, त्यातली एक पुढे जाते आणि फुटून बीज सोडते. पीसीओडीत, म्हणजे डॉक्टर लोक ज्याला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) म्हणतात त्यात, त्या पिशव्या २ ते ९ मिलीमीटरवरच अडकतात, पुढे कोणीच जात नाही, आणि सोनोग्राफीत कडेकडेनं मोत्याच्या सरासारख्या दिसतात. म्हणजे बीजं संपलेली नसतात, उलट भरपूर असतात, फक्त सुटत नाहीत. पाळी लांबते ती त्यामुळेच आणि दिवस राहायला वेळ लागतो तो पण त्यामुळेच.

मग 'पॉलिसिस्टिक', म्हणजे पुष्कळ गाठींचं, असं नाव काऊन पडलं? कारण आधी दिसलं ते अंडाशय, हार्मोनचं गणित खूप नंतर कळलं. १७२१ मध्ये इटलीतल्या आंतोनिओ व्हॅलिस्नेरीनं एका मूल नसलेल्या, जराशा जाड शेतकरी बाईबद्दल लिहून ठेवलं होतं, अंडाशयं मोठी, पांढुरकी, चकचकीत, कबुतराच्या अंड्याएवढी. नंतर १९३५ मध्ये शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकल लेव्हेंथल या दोघांनी ७ बायकांच्या केसेस छापल्या. तेव्हा सोनोग्राफी कुठली, स्टाइन पोटात हवा भरून एक्स-रे काढायचा (नुसतं वाचूनच पोट दुखते). तपासायला म्हणून अंडाशयाचा तुकडा काढला तर काहींची पाळी आपोआप सुरू झाली, मग त्यांनी मुद्दामच दोन्ही अंडाशयांचे पाचरीसारखे मोठे भाग कापून काढायला सुरुवात केली. सातही जणींची पाळी परत आली, दोघींना दिवस गेले. या आजाराला मग कितीतरी वर्षं स्टाइन-लेव्हेंथल सिंड्रोमच म्हणायचे.

पण कापाकापीनं आतमध्ये चिकटण व्हायची, नळ्या आवळल्या जायच्या, म्हणजे मूल व्हावं म्हणून केलेलं ऑपरेशनच आडवं यायचं. १९६० च्या दशकात बीज सुटायला मदत करणारी क्लोमिफिनची गोळी आली आणि ते ऑपरेशन मागे पडलं. १९८० च्या सुमारास इन्सुलिनचा, म्हणजे रक्तातली साखर सांभाळणाऱ्या हार्मोनचा, धागा सापडला, तो माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात मोठा. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून ते जास्त बनतं, जास्त इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढवायला लावतं, मग हनुवटीवर केस, पिंपल्स आणि अडकलेलं बीज. म्हणून वजन जास्त असलं तर ५ ते १० टक्के उतरल्यावरही कित्येकींची पाळी रुळावर येते, आणि म्हणूनच शुगरची मेटफॉर्मिन यात देतात. बारीक पोरींनाही हे होते बरं का, त्यांना उगाच "तू तर काडी आहेस, तुले काय होते" म्हणू नका.

२००३ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलं की पीसीओएस म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी हव्या: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त, सोनोग्राफीत तसं अंडाशय. आणि दुसरं काही कारण नाही ना हे आधी बघायचं. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवर कोणी शिक्का मारला तर तो अर्धवटच. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या पॅनलनं तर सरळ सांगितलं की हे नावच दिशाभूल करते, बदला.

आपल्याकडचा किस्सा लेट्रोझोलचा. मूळ ब्रेस्ट कॅन्सरचं औषध, २००१ पासून बीज सुटायला वापरायला लागले. बाळात व्यंग येते अशी २००५ मध्ये बोंब झाली, पुढच्याच वर्षी ९११ बाळांच्या अभ्यासात तसं दिसलं नाही, तरी भारतात २०११ मध्ये या कामासाठी त्यावर बंदी आली. ती असतानाच, २०१४ मध्ये अमेरिकेतला ७५० बायकांचा अभ्यास आला: लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफिनवर १९.१. आपली बंदी उठली २०१७ मध्ये. आता बीज सुटायला आधी हेच औषध देतात.

माझ्या वहिनीला मागच्या वर्षी तेच लिहून दिलं. तिनं स्ट्रिपवरचं नाव गुगल केलं आणि रात्री अकराला फोन, "ताई, मला कॅन्सर तर नाही ना जी? डॉक्टर लपवून ऱ्हायले का?" मी म्हटलं नाही गं बाई, झोप, उद्या सकाळी येते, सगळं सांगते.