ग्रॅज्युएट अ‍ॅट्रिब्यूट्स

ग्रॅज्युएट अ‍ॅट्रिब्यूट्स म्हणजे डिग्री हातात पडेपर्यंत पोरांना काय काय जमायला हवं त्याची ठरवलेली यादी. सिलॅबस किती संपवला ते नाही, शेवटी येतं काय ते बघायचं. आपल्याकडे हा शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतो तो इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि त्याचं कारण एनबीए, म्हणजे टेक्निकल कोर्सेसना मान्यता देणारं नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन. १९८९ मध्ये सहा देशांनी वॉशिंग्टन अकॉर्ड केला, एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या तोडीस तोड मानायच्या म्हणून, भारत त्यात पूर्ण सदस्य झाला जून २०१४ मध्ये आणि तिथली यादी एनबीएने बारा पीओ (प्रोग्रॅम आउटकम्स, म्हणजे अख्ख्या कोर्सअखेर काय यायला हवं ते) म्हणून आपल्या कॉलेजांना लावली. (आता नव्या फॉरमॅटमध्ये अकरा झालेत.) पहिले पाच सरळ टेक्निकल, पुढे एथिक्स, पर्यावरण, टीमवर्क, कम्युनिकेशन, आयुष्यभर शिकत राहणं वगैरे. गंमत म्हणजे अकॉर्डचा फायदा फक्त टिअर वनच्या (स्वायत्त कॉलेजं, विद्यापीठं) कोर्सेसना, पण टेबलं टिअर टूवालेही (विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं) तेवढीच भरतात.

टेबल म्हणजे सीओ-पीओ मॅपिंग. प्रत्येक विषयाचे चारसहा सीओ (कोर्स आउटकम्स, म्हणजे त्या विषयातून काय यायला हवं ते) लिहायचे, ते कुठल्या पीओला किती लागू होतात त्याला १, २ किंवा ३ द्यायचा, काहीच संबंध नसेल तर डॅश, मग परीक्षेचे मार्क आणि पोरांकडून भरून घेतलेला सर्व्हे घालून एक्सेलमध्ये अटेनमेंट, म्हणजे कुठला पीओ किती साधला ते, काढायचं. एनबीएच्या कमिटीची व्हिजिट जवळ आली की स्टाफरूममध्ये दुसरा विषय नसतो. थर्मोडायनॅमिक्सचे मार्क मोजता येतात हो, एथिक्सला २ कशावरून दिला ते कोण सांगणार?

खरं चित्र दिसतं फायनल इयरच्या प्रोजेक्टला. ग्रुपमध्ये चौघं, कोड एकाने लिहिलेला, एकाने ब्लॅक बुकचं (प्रोजेक्ट रिपोर्टचं) बाइंडिंग करून आणलेलं. एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) विचारतात, तू काय केलंस? "सर, डॉक्युमेंटेशन." टेबलात मात्र टीमवर्कला चौघांच्या नावावर ३. तरी त्यातल्या त्यात प्रोजेक्टच बरा, कारण गाडं अडलं की कुणाला तरी विचारायला जावंच लागतं, लेक्चरला बसून ते येत नाही.

बीए-बीकॉमही यातून सुटलेले नाहीत. २०२३ च्या यूजीसीच्या क्वालिफिकेशन फ्रेमवर्कमध्ये हे गुण सगळ्याच पदव्यांसाठी लिहिलेत आणि महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाच्या कोर्सेसमध्ये ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणं), फील्ड प्रोजेक्ट यांना वेगळे क्रेडिट आहेत. ओजेटीला पोरं कुठे पाठवायची, हा प्रश्न तालुक्याच्या कॉलेजांना जास्त छळतो.